पापलेटला मोजपट्टी, प्रकल्पाला सरासरी

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण

महोदय,



२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले. बोंबील १८० मिलिमीटरपेक्षा लहान नको, सुरमई ३७० पेक्षा लहान नको, पापलेट १३५ पेक्षा लहान नको. पापलेटला तर त्याच वर्षी राज्य मासा म्हणून मान मिळाला होता, आणि सातपाटीचे नाव दूरवर गेले ते याच माशामुळे. १३५ मिलिमीटरचे पापलेट हातावर घेऊन पाहावे. तोंड मनगटापाशी ठेवले तर शेपटी बोटांच्या मधल्या पेरांपर्यंत जाते. एवढ्या पिल्लाला जाळ्यात घेऊ नये, त्याला वाढू द्यावे, पुढचा हंगाम त्याच्यावर उभा आहे, हा त्यामागचा विचार. नियम योग्य आहे. पण त्याची रीत जरा निरखून पाहायला हवी, कारण या पत्राचा सगळा विषय त्या रीतीतच आहे. हा नियम सरासरीवर चालत नाही. एखाद्या बोटीने दिवसभरात आणलेल्या पापलेटांची सरासरी काढली आणि ती भरघोस निघाली, म्हणून टोपलीतले लहान पापलेट माफ होत नाही. घरात खाणारी तोंडे किती, डिझेलला पैसे किती गेले, बँकेचा हप्ता किती थकला, यातल्या कशाच्याही बदल्यात त्या १३५ मिलिमीटरांचा सौदा करता येत नाही. आधी ती रेघ, मग धंदा. मच्छीमाराला आपण ही शिस्त लावतो. समुद्रात भराव घालणाऱ्या, किनाऱ्याला सांडपाणी सोडणाऱ्या, तिवरांवरून रूळ नेणाऱ्या मोठ्या कामांना मात्र ती लावत नाही. तिथे साऱ्या फायद्यातोट्यांची गोळाबेरीज होते आणि शेवटची रक्कम अधिक आली की काम मंजूर होते. हा दुजाभाव आपल्या निर्णयपद्धतीतून जावा, एवढी एकच मागणी घेऊन चिंचणीहून हे पत्र लिहीत आहे.

आपल्यालाच लिहिण्याचे कारण आपल्या जन्मात आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. तालुक्यात उद्योगांना सगळी मिळून जास्तीत जास्त ५०० एकर जमीन आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा उद्योगमुक्त पट्टा, अशा स्पष्ट रेघा तेव्हा आखल्या गेल्या. त्या पाळल्या जात नाहीत म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ऑक्टोबर १९९६ मध्ये आदेश झाला आणि त्याच डिसेंबरात हे प्राधिकरण उभे राहिले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये आपल्यातून गेले, तोवर दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी या प्राधिकरणाचे अध्यक्षपद सांभाळले. मत्स्यव्यवसाय विभाग मासे पाहतो, वन विभाग तिवरे पाहतो, प्रदूषण नियंत्रण मंडळ सांडपाणी पाहते, मेरीटाईम बोर्ड बंदरे पाहते. या सगळ्यांची उद्दिष्टे एका टेबलावर एकाच वेळी मांडली जावीत अशी या किनाऱ्यावरची जागा एकच आहे, ती आपली.

ही उद्दिष्टे एकमेकांशी भांडतात, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. वाढवणच्या बंदराचेच घ्या. किनाऱ्यापासून फार दूर न जाता सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली मिळते, ही त्या जागेची खरी ताकद आहे. मोठी कंटेनर जहाजे आज आपल्या बहुतेक बंदरांत येऊ शकत नाहीत आणि आपला माल परदेशी बंदरांत उतरून चढतो, हेही खरे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पायाभरणी झाली. वर्षाला २९.८ कोटी टन मालाची क्षमता आणि प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून सुमारे १० लाख रोजगार असे सरकारचे आकडे आहेत. दुसऱ्या बाजूला समुद्रातला १,४४८ हेक्टरांचा भराव, दहा किलोमीटरांहून लांब ब्रेकवॉटर आणि मच्छीमार ज्याला गोल्डन बेल्ट म्हणतात तो माशांच्या विणीचा पट्टा आहे. वरोर-वाढवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला मिळणारी कालवे, शेवंड, खेकडे आहेत. शंखोदर आहे, ज्याला वाढवणची माणसे देवस्थान मानतात. घोलवड-डहाणूचा चिकू आहे, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घराघरांतून चालणारा डायमेकिंगचा कसबी धंदा आहे. यातली एकही गोष्ट खोटी नाही, क्षुल्लक तर नाहीच. प्रश्न या सगळ्यांचे वजन कसे करायचे, हा आहे.

या बंदराबद्दल आपल्याच प्राधिकरणाने दोन वेळा दोन निर्णय दिले. सप्टेंबर १९९८ मध्ये त्या वेळचा प्रस्ताव नाकारला. ३१ जुलै २०२३ रोजी आजच्या प्रस्तावाला अटींसह ना हरकत दिली, आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मधल्या २५ वर्षांत बंदराचा आराखडा बदलला, अभ्यासांची भर पडली, २०२० साली बंदर हे उद्योगांच्या वर्गवारीतूनच वगळले गेले. कायद्याचा निवाडा न्यायालये करतील, त्यात मी शिरत नाही. मला खटकते ते निराळेच. पहिल्या वेळी नकार देताना कोणती गोष्ट अबाधित राहायलाच हवी असे मानले होते आणि दुसऱ्या वेळी त्याच गोष्टीचे काय झाले, हे सामान्य वाचकाला दोन्ही निर्णय शेजारी ठेवून कळत नाही. ती रेघ नव्या आराखड्यात सांभाळली गेली की रेघच पुसली गेली? पहिले झाले असेल तर शंका घेणाऱ्यांचे समाधान करता येते. दुसरे झाले असेल तर कुणी, कशाच्या बदल्यात, हे लिहिलेले असायला हवे.

गोळाबेरजेची अडचण अशी की तिच्यात आकडे मिसळतात तेव्हा तीन गोष्टी हरवतात. फायदा कुणाला आणि झळ कुणाला, हे हरवते. झळ आज आणि फायदा वीस वर्षांनी की उलट, हे हरवते. आणि झालेले नुकसान कधी भरून येणारे आहे की नाही, हे हरवते. रुपयांत मोजले की नव्या गोदामाचे भाडे आणि बुजलेल्या खाडीचे मुख एकाच स्तंभात बसतात. गोदाम पाडून पुन्हा बांधता येते. खाडीचे मुख गाळाने भरले तर ज्याची होडी भरतीच्या दोन-तीन तासांतच बाहेर पडते आणि परतते, त्या माणसाचा धंदा बंद होतो, आणि त्याला दिलेला धनादेश त्याच्या मुलाला नाखवा बनवत नाही.

हे अंदाजाने बोलत नाही, आमच्याच दाराशी त्याचा पुरावा आहे. चिंचणीच्या खाडीपलीकडे तारापूर. १९६९ पासून तिथे देशातले पहिले अणुवीज केंद्र चालते. पुढे तिसरी आणि चौथी अणुभट्टी आली तेव्हा पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. वीज देशाच्या ग्रीडमध्ये गेली, गावे मात्र दोनच गेली. थोडे आत बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत. रोजगार, कर, निर्यात, औषधे, रसायने, पोलाद यांची बेरीज करा, वसाहत घसघशीत फायद्याचीच निघेल. हजारो कुटुंबांची चूल तिच्यावर पेटते, हे मी आदराने लिहितो. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा तारापूरला ९३.६९ गुण मिळाले आणि देशभरात हे क्षेत्र सर्वांत वर लागले. सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. प्रक्रिया केंद्राची क्षमता आणि कारखान्यांतून येणारे पाणी यांचा मेळ वर्षानुवर्षे बसला नाही. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. म्हणजे बेरीज फायद्याची होती, आणि त्या बेरजेच्या तळाशी जी किमान अट असायला हवी होती, म्हणजे प्रक्रिया करता येईल त्याहून एक बादलीही जास्त पाणी निर्माण होऊ द्यायचे नाही, ती पाळली गेली नाही. नवापूरच्या मच्छीमाराने बोईसरच्या कामगाराच्या पगाराला कधी विरोध केलेला नाही. त्याच्या जाळ्याचा आणि त्या पगाराचा सौदा त्याला न विचारता झाला, एवढेच त्याचे म्हणणे होते.

उलट दिशेचा पुरावा आपल्याच कागदपत्रांत आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र १९९०च्या दशकात सुरू झाले. धुरातला गंधक काढून घेणारी यंत्रणा तिथे बसवलीच पाहिजे, असा आग्रह या प्राधिकरणाने धरला आणि १९९९ मध्ये तसा आदेश दिला. खर्च मोठा होता. देशात तेव्हा अशी यंत्रणा अगदी मोजक्या ठिकाणी होती. टाळाटाळ झाली, वर्षे गेली, पण यंत्रणा २००७ च्या सुमारास बसली. वीज केंद्र बंद पडले नाही, मुंबईचे दिवे विझले नाहीत, चिकूच्या बागांवर येणारे गंधकाचे सावट कमी झाले. इथे प्राधिकरणाने विजेच्या किमतीतून चिकूची किंमत वजा करून पाहिली नव्हती. गंधक काढणारी यंत्रणा बसवायचीच, आता ती चालवून वीज कशी स्वस्तात करायची ते तुम्ही पाहा, असे सांगितले होते. रेघ पक्की झाल्यावर अभियंत्यांनी मार्ग काढला. ती सैल असती तर मार्ग शोधण्याची गरजच कुणाला वाटली नसती.

जगात हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानात २००४ पर्यंत मासेमारीला पूर्ण बंदी असलेले क्षेत्र पाच टक्क्यांच्या आत होते. नव्याने आखणी करताना त्यांनी तो सारा समुद्र जीवसृष्टीच्या प्रकारानुसार ७० भागांत वाटला आणि आधी अट ठरवली, की प्रत्येक भागाचा किमान २० टक्के हिस्सा पूर्ण सुरक्षित हवा. सगळ्यांची सरासरी २० टक्के चालणार नव्हती, प्रत्येकाचे २० टक्के हवे होते. ही अट ठरल्यावर, आणि ठरल्यावरच, संगणकाच्या मदतीने हजारो नकाशे तपासून पाहिले गेले, की अट पाळूनही मच्छीमारांची, पर्यटकांची, गावांची सर्वांत कमी ओढाताण कशात होते. मसुदा लोकांपुढे ठेवला, दोन फेऱ्यांत मिळून ३१ हजारांहून जास्त सूचना आल्या, त्यांनुसार सीमा सरकल्या. शेवटी उद्यानाचा सुमारे ३३ टक्के भाग सुरक्षित झाला आणि ज्या मच्छीमारांचा धंदा आटला त्यांच्यासाठी सरकारने मोठी रक्कम वेगळी काढली. सारे गोडीगुलाबीने झाले असे मुळीच नाही, मच्छीमारांची नाराजी बरीच वर्षे टिकली. पण वाद काय आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. कोणत्या गोष्टीवर तडजोड नाही आणि कोणत्या गोष्टीवर आहे, याची यादी छापलेली होती.

इथल्या किनाऱ्यासाठी तशी यादी करायची तर तिच्यात काय येईल? वाढवण, वरोर, चिंचणी, तारापूर, धाकटी डहाणू इथल्या खाड्यांच्या मुखांशी ओहोटीला राहणारी पाण्याची खोली. विणीच्या महिन्यांत पाण्यात उठणाऱ्या गाळाची कमाल मर्यादा. खडकाळ किनाऱ्याचा तो भाग, जिथे पायी जाऊन हाताने मासळी गोळा करणाऱ्या बाया आणि म्हातारी माणसे यांना होडीचा आधार नसतो. आणि तिवरे. त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण भरपाई या शब्दाची परीक्षा तिथे होते. ओहोटीच्या वेळी तिवरांच्या कडेला उभे राहिले तर चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळे हजारोंनी वर आलेली दिसतात. भरती आली की त्या दाट मुळांत मोठा मासा शिरू शकत नाही. म्हणूनच तिथे कोळंबीची आणि माशांची पिल्ले वाढतात. ही जागा झाडामुळे जेवढी, तेवढीच चिखलाच्या उतारामुळे, गोड्या-खाऱ्या पाण्याच्या प्रमाणामुळे आणि तिथवर पोहोचणाऱ्या लाटेच्या जोरामुळे घडते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली सुमारे २२ हजार तिवरे तोडण्यास परवानगी दिली. मूळ मागणी ५० हजारांहून जास्त झाडांची होती, आराखडा बदलून ती खाली आली. ही गोष्ट चांगली झाली, आणि घट्ट अट असली की आराखडा बदलता येतो हे तिनेही दाखवले. मात्र तोडलेल्या झाडांच्या बदल्यात कुठेतरी लावलेल्या रोपांचा आकडा दाखवून दोन्ही बाजू समान झाल्या असे मांडणे म्हणजे एका गावची शाळा पाडून दुसऱ्या तालुक्यात तेवढ्याच विटांची भिंत बांधणे. रोपे जगली किती, हे विचारले जाते. ज्या खाडीतली कोळंबी गेली त्याच खाडीत ती परतली का, हे विचारले जात नाही.

यावर पहिला आक्षेप रोजगाराचा येईल, आणि तो यायलाच हवा. मासळी आधीच आटली आहे, तरुण मुले बोईसरला आणि मुंबईला जातात, अशा वेळी किमान मर्यादांची भाषा पोट भरलेल्यांची आहे, असे म्हणणारे लोक आमच्याच गावांत आहेत आणि त्यांचे म्हणणे ढकलून देण्यासारखे नाही. माझे उत्तर एवढेच, की रोजगार हाही त्या यादीत किमान अट म्हणूनच लिहावा. १० लाख हा आकडा सगळ्या देशाची बेरीज आहे. त्यात वरोरच्या डायमेकरचे काय, चिंचणीच्या मासेविक्रेतीचे काय, हे दिसत नाही. ज्या गावांच्या पदरी झळ पडते त्या गावांतल्या इतक्या माणसांना इतक्या वर्षांच्या आत इतक्या पगाराचे काम, आणि ते न झाल्यास पुढचा टप्पा थांबेल, अशी अट लिहून पाहावी. ज्यांना रोजगाराची खरोखर काळजी आहे त्यांनी या अटीला विरोध करण्याचे कारण नाही. सूर्या धरणाची आठवण इथे टाळता येत नाही. आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी म्हणून अडवलेले पाणी आज वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला दररोज ४०३ दशलक्ष लिटर देण्याच्या योजनेत बांधले गेले आहे. शहरांचीही तहान खरी आहे. पण पहिल्या हक्काची रेघ कागदावर पक्की नसली की ताकदवान गरज हळूहळू दुबळ्या गरजेच्या जागी येऊन बसते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

दुसरा आक्षेप हिशेब करणाऱ्यांचा. निरनिराळ्या गोष्टी तोलायच्या तर एखादे समान माप हवे आणि पैशाहून सोयीचे माप नाही, असे ते म्हणतात. तोलायला माप हवे, हे बरोबर. पण प्रत्येक गोष्टीला तिचे स्वतःचे माप आधीच आहे. एका फेरीला लागणारे डिझेल लिटरमध्ये मोजता येते. जाळे टाकण्याची जागा किती लांब गेली ते सागरी मैलांत, खाडीमुखाची खोली हातांत किंवा मीटरमध्ये, पाण्यातला गाळ मिलिग्रॅममध्ये, चिकूचे पीक किलोत. निर्णयाच्या तक्त्यात ही मापे जशीच्या तशी राहू द्यावीत. एका बाजूला तीन-चार पर्याय, दुसऱ्या बाजूला ही मापे, आणि प्रत्येक चौकटीत अपेक्षित परिणाम. असा तक्ता पुढे असला की बराचसा वाद आपोआप आटोपतो. जो पर्याय सगळ्याच बाबतींत दुसऱ्याहून वाईट ठरतो तो गळून पडतो, जो किमान अट मोडतो तोही गळतो. उरलेल्या दोन-तीनांत मात्र खरी घासाघीस होते आणि ती उघड्यावर होते. घाईने सगळ्याचे रुपये केले की ही घासाघीस हिशेबनिसाच्या टेबलावर, कुणाला न दिसता उरकली जाते.

तिसरा आक्षेप तज्ज्ञांकडून येतो, की अशी यादी ग्रामसभांपुढे ठेवली तर त्या भावनेच्या भरात निर्णय घेतात. इथे दोन प्रश्नांची गल्लत आहे. गाळ किती लांब वाहत जाईल, हे सांगणे समुद्रशास्त्रज्ञाचे काम आणि तिथे त्याचा शब्द शेवटचा असावा. तो गाळ किती सोसायचा, हा प्रश्न त्याच्या शास्त्रात येत नाही. त्याचे उत्तर ज्याला सोसायचे आहे त्याच्याकडून यायला हवे. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटासाठी तीन प्रतींची संवेदनशील क्षेत्रे सुचवताना अंतिम आखणी ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला होता तो याच समजुतीने. तो अहवाल बाजूला पडला, संवेदनशील गावांची यादी वरून आली, आणि आजही गावोगाव त्या यादीला विरोध होतो. लोकांना वगळून आखलेली संवर्धनाची रेघही टिकत नाही, हे संवर्धनवाद्यांनीही मनावर घ्यावे.

कारण संवर्धनाची उद्दिष्टेही आपसांत जुळतातच असे नाही. घरे वाचवायला धूपप्रतिबंधक बंधारा घातला की लाटेचा मार शेजारच्या वाळूवर जातो. वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या सुरूच्या रांगा पुळणीची वाळू जागच्या जागी धरतात, आणि वाळू सरकती असण्यावर ज्यांचे जगणे अवलंबून आहे त्यांना ते मानवत नाही. मच्छीमारही एकमताचे नाहीत. सातपाटी-डहाणू आणि वसई-उत्तनच्या मच्छीमारांतला कवींचा, म्हणजे समुद्रात खुंट रोवून जाळी बांधण्याच्या जागांचा, वाद कित्येक वर्षांचा आहे. कुणी कुठवर कव मारायची, कुणाची जाळी कुणाच्या कवीत अडकतात, यावर भर समुद्रात भांडणे झाली आहेत. हा वाद मी मुद्दाम सांगतो. नकाशावर निळा आणि रिकामा दिसणारा समुद्र प्रत्यक्षात शेतजमिनीसारखा बांधाबांधाने वाटलेला आहे. त्यात १,४४८ हेक्टर एका जागी गेले, जहाजांच्या वाटेसाठी आणखी काही मोकळे ठेवावे लागले, की तिथल्या बोटी शेजारच्यांच्या हद्दीत जाणार आणि जुना वाद नव्याने पेटणार. बंदराच्या फायद्यातोट्याच्या तक्त्यात ही चौकट असायला हवी.

आणि बंदर एकटे नाही. अणुवीज केंद्र आहे, औद्योगिक वसाहत आहे, बुलेट ट्रेन आणि समर्पित मालवाहतूक मार्ग आहेत, द्रुतगती महामार्ग आहे, दक्षिणेला मुरब्याला आणखी एका बंदराचा प्रस्ताव आहे, भरावासाठी दमणच्या समुद्रातून कोट्यवधी घनमीटर वाळू उपसण्याचे नियोजन आहे. प्रत्येकाचा अभ्यास वेगळा, जनसुनावणी वेगळी, आणि प्रत्येक अहवालात आपल्या प्रकल्पाचा भार सोसण्याजोगा असल्याचा निष्कर्ष. ते सगळे निष्कर्ष एकेकटे खरे असले तरी त्यांची बेरीज सोसण्याजोगी असेलच असे नाही. मासा प्रकल्पनिहाय जगत नाही. तोच घोळ, तोच दाढा, तेच पापलेट एका वर्षात या सगळ्या पाण्यांतून जाते. फायद्यांची बेरीज करायला सगळे उत्सुक असतात, भाराची बेरीज मात्र कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. तालुका हे एकक धरून स्थापन झालेले प्राधिकरण आपले आहे, म्हणून ती करण्याचा अधिकार आणि जबाबदारी मी आपलीच मानतो.

आता पायाभरणी झाली, हे सारे उशिराचे आहे, असेही म्हटले जाईल. पण आपली ना हरकत अटींसह आहे, आणि अट म्हणजे अजून चालू असलेला निर्णय. भरावाचे काम वर्षानुवर्षे चालते. प्रत्येक हंगामानंतर गाळ मोजता येतो, खाडीमुखाची खोली मोजता येते, किती बोटी निघाल्या आणि किती रिकाम्या परतल्या ते मोजता येते. मोजलेला आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर पुढचे काम कुणी आणि किती दिवसांत थांबवायचे, हे आजच लिहून ठेवले नाही, तर मोजणी फक्त फायलीत राहते. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात, कारण माशांच्या विणीचा काळ आहे. त्याच दोन महिन्यांत त्याच पाण्यात गाळ उपसणाऱ्या यंत्रांना काय सांगितले आहे, हे आम्हाला वाचायला मिळावे.

म्हणून विनंती अशी. आपल्या पुढच्या बैठकीआधी या किनाऱ्यासाठी ज्या गोष्टींवर तडजोड होणार नाही त्यांची यादी, प्रत्येकीच्या मापासह, मराठीत प्रसिद्ध करावी आणि ती डहाणू तालुक्यातल्या किनारी ग्रामपंचायतींच्या ग्रामसभांपुढे ठेवावी. चालू आणि येऊ घातलेल्या सगळ्या कामांचा एकत्र भार त्या यादीशी ताडून दाखवावा. १९९८ आणि २०२३ चे निर्णय शेजारी ठेवून कोणती रेघ कुठे सरकली ते लिहावे. सुरुवात चिंचणी-तारापूरच्या खाडीपासून करता येईल. तिच्या मुखाशी अमावास्येच्या ओहोटीला किती पाणी राहते, कोणत्या महिन्यात कोणती मासळी आत येते, किती होड्या कोणत्या भरतीला निघतात, हे सांगणारी माणसे किनाऱ्यावर आहेत, आणि जून-जुलैत, बोटी वर असताना, त्यांच्याकडे वेळही असतो.

आपला विश्वासू,
चिंचणीचा एक रहिवासी